सातवा फर्मा

बाइंडरबाईंच्या हातून एकोणीस वर्षांत एकही पुस्तक चुकीचं बांधलं गेलं नव्हतं. ही गोष्ट त्या येणाऱ्याजाणाऱ्याला इतक्यांदा ऐकवत, की ऐकणाऱ्याच्या मनात यायचं, एकदाचं चुकू दे बाई, म्हणजे आम्ही सुटलो. त्या शुक्रवारी दुपारी दीड वाजता सगळे सुटले.

दीड वाजता फोन वाजला तेव्हा बाई डबा उघडून बसल्या होत्या, आणि समोर घडीवाल्या मावशी आपल्या जावयाच्या घोरण्याची नक्कल करून दाखवत होत्या. मावशींचा हात त्या नकलेतही थांबत नसे. लाकडी पट्टीनं कागदाच्या घड्या घालणं आणि जावयाची चंपी करणं, दोन्ही एका लयीत चालायचं.

"हॅलो, बाइंडिंगवाल्या ताई का?" तीस वर्षं यंत्रांच्या गोंगाटावरून ओरडून कमावलेला घोगरा आवाज होता. "मी पंपांच्या कारखान्यातला फोरमन बोलतोय. आमच्या फिटर लोकांसाठी तुम्ही दुरुस्तीच्या पुस्तिका बांधून दिल्या ना?"

"हो, चाळीस. का? काही तक्रार?" बाईंनी 'तक्रार' हा शब्द असा उच्चारला, की समोरच्याला तो मागे घ्यावासा वाटावा.

"तक्रार नाही हो." फोरमन घुटमळला. मागे बरीच माणसं कुजबुजत होती. कुणीतरी म्हणालं, 'विचारा ना, विचारा.' "ताई, आजोबांचं काय झालं?"

"कुठले आजोबा?"

"साळिंदरआजोबा! पाणी तुंबवणारा दगड आतून ढकलायला ते बिळात शिरलेत, पाणी वर चढतंय, सगळ्यांना म्हणतात मागे वळून बघू नका. मग पाणी ओसरतं आणि बिळाच्या तोंडाशी चिखलात नुसता एक काटा. आणि पुढच्या पानावर एकदम 'मोटार गरम होण्याची कारणे'! सकाळपासून इथं कुणाचं कामात लक्ष नाही. वाचले का नाही आजोबा, तेवढं सांगा."

बाईंच्या हातातला घास डब्यात परत गेला. साळिंदरआजोबा ज्या पुस्तकात होते, ते पंपाच्या कारखान्यात असायचं काही कारण नव्हतं. ते बाईंच्या आत्याचं पुस्तक होतं.

"मी येते तिकडे," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला, आणि शेल्फावर उरलेली पंपाची एक पुस्तिका ओढून काढली. पान शहाण्णव: पंपाचे सुटे भाग, आकृतीसह. पान सत्त्याण्णव: 'चिचुंद्री रडत म्हणाली, आजोबा, तुम्ही आणखी आत जाऊ नका.'

"अगं बाई," मावशी म्हणाल्या, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांची पट्टी थांबली.

आता इथं दोन शब्द फर्म्याबद्दल सांगायला हवेत, नाहीतर बाईंवर अन्याय होईल. मोठ्या कागदावर सोळा पानं छापून येतात. त्याला घड्या घातल्या की झाला एक फर्मा. असे फर्मे टेबलावर ओळीनं गठ्ठ्यांनी मांडायचे, टेबलाच्या कडेनं चालत प्रत्येक गठ्ठ्यातला एकेक उचलायचा, शिवायचा, पुठ्ठा चढवायचा, आणि तीन बाजू कापल्या की पुस्तक तयार. फर्मा चुकू नये म्हणून प्रत्येकाच्या पाठीवर एक छोटा काळा ठोकळा छापलेला असतो. पहिल्याचा अगदी वर, दुसऱ्याचा जरा खाली, तिसऱ्याचा आणखी खाली. सगळे एकत्र आले की पुस्तकाच्या कण्यावर तिरका जिना उतरताना दिसतो. पायरी मोडलेली दिसली, की समजायचं फर्मा चुकला. बाई प्रत्येक पुस्तकाचा जिना बघत. बोट फिरवून बघत.

पण मागच्या आठवड्यात पंखेवाला आला. पंखा किरकिर करायचा, म्हणून बाईंनीच बोलावला होता. शिडीला जागा हवी, म्हणून दोन टेबलांवरचा एकेक गठ्ठा उचलून त्यांनी खिडकीत ठेवला. एका टेबलावर आत्याची कादंबरी, दुसऱ्यावर पंपाची पुस्तिका. दोन्हीचा आकार एक, कागद एक, छापखाना एक. पंखेवाला गेल्यावर गठ्ठे परत मांडले, ते अदलाबदली होऊन. दोन्ही गठ्ठे सातव्या फर्म्याचे! सातव्याचा ठोकळा सातव्याच्या जागी, पानांचे आकडेही सत्त्याण्णव ते एकशे बारा. जिना इतका सुरेख उतरला की बाईंनी मावशींना बोलावून दाखवला होता.

"म्हणजे आत्याच्या पुस्तकात..." बाई खुर्चीत बसल्या.

"पंप," मावशी म्हणाल्या.

आत्याचं पुस्तक ही साधी बाब नव्हती. आत्या एकाहत्तर वर्षांची. तिचे यजमान, म्हणजे बाईंचे आतोबा, गेले त्याला अकरा वर्षं झाली, आणि तेव्हापासून ती लिहीत होती. पुराचं पाणी भरलेल्या रानातून दुसऱ्या काठाकडे निघालेली जनावरं: एक पाणमांजर, एक भित्री चिचुंद्री, एक ऐकायला कमी येणारं घुबड, आणि या सगळ्यांना वैताग आणणारे साळिंदरआजोबा. आजोबा कुणाचं ऐकत नसत. प्रत्येक संकटात पहिल्यांदा म्हणायचे, "मी सांगतो तसं करा." घरातल्या सगळ्यांनी हस्तलिखिताच्या दुसऱ्याच पानावर आतोबांना ओळखलं होतं. आतोबांनी आयुष्यभर या चार शब्दांखेरीज फारसं काही बोललेलं कुणाला आठवत नव्हतं. दूध तापवायचं कसं, कुलूप लावायचं कसं, छत्री मिटायची कशी, सगळ्याला 'मी सांगतो तसं करा.' आत्याचं त्यावरून रोज भांडण व्हायचं, आणि ते गेल्यावर तिला घरात कसं वावरायचं तेच कळेना.

आजोबांच्या शेवटाचं प्रकरण तिनं सात वेळा लिहिलं. "मेले" हा शब्द मात्र तिच्या हातून एकदाही उतरला नाही. नुसता चिखलातला काटा. हस्तलिखित देताना ती बाईंना म्हणाली होती, "बाकीचं पुस्तक फाटलं तरी चालेल गं. पण तेवढं प्रकरण नीट बांध. हसू नये कुणी. या वयात बोलणारी जनावरं लिहिली म्हणून तुझा बाप आधीच हसतोय."

आणि आज चार वाजता ग्रंथालयात चाळीस मुलांसमोर आत्या नेमकं तेच प्रकरण वाचणार होती. छापील पुस्तक तिनं अजून बघितलंही नव्हतं, कारण ते समारंभातच तिच्या हातात द्यायचं, हा बाईंचाच हट्ट. चाळीस प्रतींचं खोकं सोमवारी ग्रंथालयात पोचलं होतं. बाईंच्या डोळ्यांसमोर आलं, की आत्या पान सत्त्याण्णव उघडते आहे, आणि त्यांनी डोळे पुसले.

"रडायचं नंतर," मावशी म्हणाल्या. "तिकडून खरा फर्मा आणा. ग्रंथालयात मागच्या खोलीत बसून पंप कापून काढा, आजोबा चिकटवा. चाळीस प्रती, दोन तास. मी सुई, दोरा, डिंक घेऊन पुढे जाते."

बाईंनी ग्रंथालयात फोन लावला. कुणी उचलेना. मग त्यांनी पातं पर्समध्ये टाकलं, स्कूटरला किक मारली, आणि हेल्मेटऐवजी डब्याचं झाकण हातात घेऊन निघाल्या. पहिल्या वळणावर ते लक्षात आलं, तेव्हा परत फिरल्या.

पंपांच्या कारखान्यात एरवी इतका आवाज असतो, की माणसं खुणांनी बोलतात. बाई शिरल्या तेव्हा तिथं सुईसुद्धा पडलेली ऐकू आली असती. लेथ बंद. ड्रिल बंद. मधल्या मोकळ्या जागेत उलट्या पेट्यांवर अकरा-बारा दणकट माणसं गोल करून बसली होती, आणि एक वेल्डर काळा मुखवटा कपाळावर सरकवून मोठ्यानं वाचत होता, "'मी सांगतो तसं करा,' आजोबा आतून म्हणाले, 'निघा. आणि मागे वळून बघू नका.'" इथं त्यानं मुखवटा खाली ओढला आणि बराच वेळ वर केला नाही.

"चौथ्यांदा वाचतोय," फोरमन बाईंना हळूच म्हणाला. तो पोट सुटलेला, मिशा पांढऱ्या झालेला माणूस होता, आणि त्याच्या हातात पाना नव्हता तर रुमाल होता. "या ताई. सांगा एकदाचं."

बाईंना खरं तर आल्या आल्या पुस्तिका परत मागायच्या होत्या. पण अकरा-बारा जणांचे डोळे त्यांच्याकडे असे लागले होते, की त्यांना खोटं बोलवेना आणि खरंही बोलवेना.

"आजोबा पुढच्या पानांत नाहीत," त्या म्हणाल्या.

"म्हणजे गेले?"

"पुढे कुठेच नाहीत."

वेल्डरनं पुस्तिका मिटली. मग रंगकाम करणारा एक काटकुळा माणूस उसळून म्हणाला, "अरे पण कशाला शिरायचं आत? तोंडाशी दगड होता तर बाहेरून पहार लावायची!"

"बाहेरून जोर लागणार नाही. पाण्याचा दाब आहे," दुसरा म्हणाला.

"मग आधी पाणी उपसायचं. पाच अश्वशक्तीचा आपला छोटा पंप..."

"जंगलात वीज कुठली?"

"डिझेलवर चालतो तो!"

दोन मिनिटांत फरशीवर खडूनं बीळ काढलं गेलं, पाण्याची पातळी काढली गेली आणि साळिंदरआजोबांना वाचवायच्या तीन योजना एकमेकींशी भांडू लागल्या. बाईंनी शेवटी पेटीवर उभं राहून आरोळी ठोकली.

"ऐका! तुमच्या पुस्तिकांत माझ्या आत्याची पानं गेलीत, आणि तिच्या पुस्तकात तुमचा पंप गेलाय. चार वाजता ती चाळीस मुलांपुढं उभी राहणार आहे. अकरा वर्षं लिहिलंय हो तिनं. मला माझी पानं द्या, तुमची मी आणून देते. चूक माझी आहे." हे शेवटचं वाक्य त्यांनी एकोणीस वर्षांत उच्चारलं नव्हतं. ते म्हणायला वाटलं होतं तितकं जड गेलं नाही, उलट जरा हलकंच वाटलं.

फिटर लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. "आमची ती सोळा पानं नकोत आम्हाला," वेल्डर मुखवट्याआडून म्हणाला. "पंप जोडून सुरू कसा करायचा, हे झोपेतही सांगू. ही पानं राहू द्या."

"तेवढी मुलांना द्यावी लागतील," फोरमन म्हणाला. त्यानं घड्याळ पाहिलं, शिट्टी फुंकली आणि जाहीर केलं, "दुपारची सुट्टी आज उशिरा, आणि लांब. टेम्पो काढा. सगळ्या पुस्तिका भरा. मला त्या लिहिणाऱ्या बाईंना विचारायचंय, की त्या माणसाला मारायची काय गरज होती."

स्कूटर पुढे आणि टेम्पो मागे, अशी ती वरात निघाली. टेम्पोत मागे बारा फिटर, चाळीस पुस्तिका, आणि कशाला कुणास ठाऊक, एक छोटा हिरवा पंप. वाटेत एका चौकात बाई चुकीच्या गल्लीत शिरल्या, टेम्पोही मागोमाग शिरला, समोरून गाद्यांची गाडी आली, आणि ती मागे घ्यायला तीन फिटर, एक गादीवाला आणि एक अनोळखी डॉक्टर लागले. डॉक्टरांना कुणी बोलावलं नव्हतं, पण काय झालंय हे कळल्यावर तेही विचारू लागले, आजोबा वाचले का.

ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर त्या पोचल्या तेव्हा घड्याळात चारला दहा मिनिटं कमी होती, आणि दारात घडीवाल्या मावशी कपाळाला हात लावून उभ्या होत्या.

"ताई, काही उपयोग नाही," मावशी म्हणाल्या. "पुस्तकं मुलांकडे आहेत."

"आत्ताच वाटली?"

"सोमवारी वाटली!" हे ग्रंथपाल म्हणाले. ते मावशींच्या मागूनच आले, अंगात कोट, कोटाला फूल, चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता. "आधी वाचल्याशिवाय मुलं प्रश्न कशी विचारणार? सगळ्यांनी वाचलंय. दोनदा वाचलंय! तुमच्या आत्याबाई म्हणजे कमालच आहेत. मी तर कालच ठरवलं, असं धाडसी लिखाण आपल्या ग्रंथालयात यापूर्वी आलेलं नाही."

"तुम्ही वाचलंत? पान सत्त्याण्णवही?"

"पान सत्त्याण्णव तर विशेष!" ग्रंथपाल म्हणाले, आणि घंटा वाजवायला आत पळाले.

सभागृह म्हणजे ग्रंथालयाचीच मोठी खोली होती. कपाटं भिंतीला सरकवलेली, मध्ये सतरंजीवर चाळीस मुलं, आणि समोर एका टेबलामागे आत्या. तिनं ठेवणीतले कपडे घातले होते, आणि ती इतकी ताठ बसली होती, की ती घाबरली आहे हे बाईंना दारातूनच कळलं. ग्रंथपालांनी तिच्या हातात पुस्तक दिलं. आत्यानं ते उघडलं नाही. नुसतं उलटंसुलटं करून पाहिलं, मुखपृष्ठावरून तळवा फिरवला, आणि तिचे डोळे भरून आले.

बाई आत्याची खरी पानं असलेली पंपाची एक पुस्तिका घेऊन भिंतीच्या कडेकडेनं पुढे सरकू लागल्या. पुढे जायचं, आत्याच्या कानात सांगायचं, तिला पंपाच्या पुस्तिकेतून वाचायला लावायचं. पाठोपाठ बारा फिटरही चवड्यांवर सरकू लागले. त्यांच्यातला वेल्डर एका कपाटाला धडकला, आणि वरून शब्दकोशाचे दोन खंड खाली आले. चाळीस मुलं मागे वळली.

"आधी मुलांचे प्रश्न!" ग्रंथपाल घाईघाईनं म्हणाले.

पहिल्या रांगेतून एक चष्मेवाली मुलगी उठली. तिनं प्रश्न कागदावर लिहून आणला होता.

"आजी, पॅकिंग किती घट्ट आवळायचं?"

आत्यानं चष्मा नीट केला. "काय आवळायचं, बाळ?"

"पॅकिंग. पंपाच्या दांड्याभोवती भरतात ते. आजोबा म्हणतात फार आवळू नका, थेंब थेंब पाणी आलं पाहिजे. पण मग शेवटी किती थेंब?"

"मिनिटाला साधारण तीस," मागून फोरमनच्या तोंडून निघून गेलं. मुलगी त्याला "थँक्यू काका" म्हणाली आणि लिहून घेऊ लागली.

आत्यानं बाईंकडे पाहिलं. बाईंचा चेहरा तिनं लहानपणापासून वाचला होता. तिनं पुस्तक उघडलं, पानं मागेपुढे केली आणि सत्त्याण्णववर थांबली. बाई जिथं होत्या तिथंच उभ्या राहिल्या. आता काही करता येण्यासारखं नव्हतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्यांना वाटलं, आणि इतकंच वाटलं.

शहाण्णवव्या पानाच्या शेवटी आजोबा अंधाऱ्या बिळात शिरत होते, आणि आतून त्यांचा आवाज येत होता, 'मी सांगतो तसं करा.' समोरच्या सत्त्याण्णववर लिहिलं होतं, 'सूचना १. सर्व नट आळीपाळीने आवळावेत. एकच नट पूर्ण आवळून पुढे जाऊ नये.'

आत्यानं ते वाचलं. पुढची सूचना वाचली. पान उलटलं. तिचे खांदे हलू लागले. बाईंना वाटलं, ती रडते आहे. मग तिच्या तोंडून एक बारीक किंकाळीसारखा आवाज आला, आणि बाईंच्या लक्षात आलं की ती हसते आहे. अकरा वर्षांत ती अशी हसली नव्हती. तिनं चष्मा काढला, टेबलावर डोकं टेकलं आणि हसली. मुलांनाही हसू फुटलं, ग्रंथपालांना फुटलं, मावशींना फुटलं. वेल्डर सगळ्यांत मोठ्यानं हसत होता, आणि का ते त्याला माहीत नव्हतं.

"अगं, हे तर अगदी तेच!" आत्या हुंदके देत देत बाईंना म्हणाली. "हाच आवाज! असंच बोलायचे ते!"

आणि तिनं उभं राहून वाचायला सुरुवात केली. घसा खाकरून, भुवया आक्रसून, आतोबांच्या त्या वैतागलेल्या सुरात. "'सूचना ४. पंपात पाणी भरल्याशिवाय तो सुरू करू नये.'"

"कोरडा पंप कधीही चालवू नये!" चाळीस मुलं एका दमात ओरडली. त्यांना सगळं पाठ होतं.

"'सूचना ९. झडप हळूहळू उघडावी.'"

"घाई करू नये!"

"'सूचना १३. सैल कपडे घालून...'"

"पंपाजवळ उभे राहू नये!" आता फिटरही ओरडत होते, आणि हिरवा पंप कुणीतरी टेबलावर आणून ठेवला होता. एक अगदी छोटी मुलगी त्याला हात लावून बघत होती, आणि रंगकामवाला तिला झडप दाखवत होता. कपाटांच्या काचा खणखणल्या. ग्रंथालयात 'शांतता राखा' अशी पाटी होती, ती ग्रंथपालांनी स्वतः काढून कोटाच्या खिशात घातली.

वाचता वाचता आत्या एकशे बाराव्या पानाशी आली आणि थांबली. हसू ओसरलं. तिनं पुढचं पान पाहिलं. ते तिचंच होतं. 'सकाळी सगळे पुढे निघाले. साळिंदरआजोबा बरोबर नव्हते.'

खोली हळूहळू शांत झाली. फोरमननं हातातली पुस्तिका पाठीमागे लपवली.

"मग," आत्यानं मुलांना विचारलं, "आजोबा कुठे गेले, असं तुम्हाला वाटतं?"

मुलं गोंधळली. पुस्तक जिनं लिहिलं तिलाच हे ठाऊक नाही, हे त्यांना पटेना. चष्मेवाली पुन्हा उठली.

"कुठे गेले म्हणजे? कुठेच नाही गेले. ते पंपाजवळ बसलेत."

"अजून?"

"सूचना बावीस," मुलगी म्हणाली, आणि शाळेत उत्तर देताना उभं राहतात तशी ताठ उभी राहिली. "'पंप चालू असेपर्यंत चालकाने जागा सोडू नये.' ते उठले तर पंप बंद पडेल. मग रानात परत पाणी भरेल आणि सगळे बुडतील. म्हणून ते येऊ शकत नाहीत. चिचुंद्रीला वाटतं ते हरवले, पण ते हरवले नाहीत. ते कामावर आहेत."

 आत्यानं टेबलाची कड धरली.

"पाणी किती आहे, आजी?" ती हिरव्या पंपाजवळची छोटी मुलगी म्हणाली. "किती दिवस बसायला लागेल त्यांना?"

"पुष्कळ आहे, बाळा," आत्या म्हणाली. "पुष्कळ आहे पाणी."

"चांगला पंप आहे," फोरमन घोगऱ्या आवाजात म्हणाला. "मी सांगतो. थांबणार नाही तो."

मग टाळ्या झाल्या, सह्या झाल्या. आत्यानं चाळीस पुस्तकांवर सही केली आणि बारा पंपाच्या पुस्तिकांवर. फोरमननं मुलांना खरी सोळा पानं द्यायला आणलेला पुस्तिकांचा गठ्ठा काढलाच नाही. बाईंनी विचारलं तेव्हा तो म्हणाला, टेम्पोत आहे, नंतर बघू, आणि दुसरीकडे बघू लागला. मारायची काय गरज होती, हेही त्यानं आत्याला विचारलं नाही.

खोली रिकामी झाल्यावर बाई आत्यापाशी गेल्या. "चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "दोनशे साठ प्रती अजून बांधायच्या आहेत. त्यांत तुझीच पानं घालते, एकेक स्वतः तपासून."

"नको," आत्या म्हणाली. "पंपाचीच घाल. फोरमनची परवानगी घे."

"अगं, सात वेळा लिहिलंस तू ते प्रकरण."

"सातही वेळा ते गेलेच गं. मला दुसरं काही सुचलंच नाही." आत्यानं टेबलावरचं पुस्तक उचलून पोटाशी धरलं. "आता कामावर बसलेल्या माणसाला मी कशी उठवू?"